भाचीच्या डोक्यातल्या उवा आणि ४.९ हिमोग्लोबिन

पत्राचा गोषवारा: इंदूरच्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांच्या नणंदेची तेरा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून शाळेसाठी त्यांच्याकडे राहते. नणंदेचं घर देवासच्या पुढे, खेड्यात. मुलीचे केस कमरेपर्यंत आहेत आणि आल्यापासून डोक्यात उवा आहेत. औषध लावलं की पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. मागच्या महिन्यात पीटीच्या तासाला ती चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन निघालं ४.९. भरती करून रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, घरी सोडताना ते ७.६ होतं. वजन ३४ किलो. डॉक्टरांनी डोक्यातल्या शेकडो उवा, टाळूवरच्या जखमा आणि मानेमागच्या गाठी पाहून सांगितलं की रक्त कमी होण्यात उवांचाही हात आहे, आणि लोहाची १०० मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यायला दिली.

आता घरात जितकी माणसं तितकी मतं. यजमान म्हणतात, उवांनी कुठे रक्त संपतं? सासूबाई म्हणतात, गोटा करून टाका. नणंद फोनवर म्हणते, ‘तुमच्याकडे आल्यापासूनच पोरीची ही दशा झाली. रक्त चढलंय ना, आता गोळ्या पुरे, दिवाळीला मी तिला घेऊनच जाते.’ गोळीने पोट दुखतं आणि शी काळी होते म्हणून मुलगी गोळी चुकवते. सासूबाई, गरम पडू नये म्हणून, ती दुधाबरोबर देतात. ताई स्वतः लिहितात, ‘मुलगी मुळातच आळशी आहे. डोकं धुवायचाही कंटाळा, संध्याकाळी पाचला झोपते. मी कुठे कुठे पुरी पडू?’ त्यांनी विचारलंय: गोटा करावा का, गोळ्या बंद कराव्यात का, आणि तिला परत पाठवून द्यावं का?

ताई,

आधी यजमान आणि डॉक्टर यांच्यातला वाद मिटवू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. दोघंही निम्मे बरोबर आहेत.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रक्त पिण्याआधी आणि प्यायल्यावर उवा तोलून त्या किती रक्त पितात ते मोजलं आहे. ज्या डोक्यात तीसेक उवा आहेत, तिथून दिवसाला ०.००८ मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे काहीच नाही. त्यांच्या हिशेबातल्या सर्वांत भरलेल्या डोक्यात २६५७ उवा होत्या. तिथे हा आकडा दिवसाला ०.७ मिलिलिटर, महिन्याला जवळपास २१ मिलिलिटर होतो. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, तेव्हा इतक्या उवा महिन्याला दहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह नेतात. तुमच्या भाचीच्या डोक्यात पाचशे धरल्या तर महिन्याला चार मिलिलिटर रक्त, दोन मिलिग्रॅम लोह. खाऊनपिऊन धडधाकट मुलीला हे जाणवणारही नाही. पण जिच्या शरीरात लोहाचा साठाच उरलेला नाही, तिचं दोन वर्षं रोज थोडं थोडं गेलं तर फरक पडतो.

मात्र ४.९ पर्यंतची घसरण पाचशे उवांच्या एकट्याच्या बळावर होत नाही. उवा सापडल्या म्हणून शोध तिथेच थांबवणं ही मोठी चूक ठरेल, आणि तुमच्या पत्रावरून शोध थांबलेला दिसतोय.

पहिला प्रश्न पाळीचा. तुमच्या एवढ्या लांब पत्रात तिच्या पाळीबद्दल एक ओळही नाही. नेहमीच्या पाळीत महिन्याला ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं तर ती जास्तीची. म्हणजे एक जड पाळी भरलेल्या डोक्यातल्या उवांच्या कितीतरी पुढे जाते. तेरा वर्षांची मुलगी मामाच्या घरी राहते, तर हे ती आपणहून सांगणार नाही. तुम्ही तिला एकटीला बसवून नेमकं विचारा: किती दिवस चालते, सातच्या वर जाते का? दर एक-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो का? रात्री उठावं लागतं का? रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात का? ‘ठीक असते ना ग?’ असं विचारलंत तर ‘हो’ एवढंच उत्तर मिळेल. यातल्या दोन गोष्टींना जरी ‘हो’ आलं, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. पहिल्या पाळीपासूनच असं होत असेल, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, तर रक्त गोठण्याच्या दोषाची तपासणीही करायला सांगा. पाळीतलं रक्त कमी करणाऱ्या गोळ्या असतात आणि त्या लहान वयातही देता येतात.

दुसरा जंतांचा. शेतात अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या तळपायातून हुकवर्म शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. त्यातल्या मोठ्या जातीचा एक जंत दिवसाला ०.१५ मिलिलिटरच्या वर रक्त घालवतो. पाचशे उवांचं काम एकटा जंत करतो म्हणा ना. शौचाची तपासणी स्वस्त आहे. शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात, ती तिने घेतली होती का विचारा. जंत भरपूर असतील तर एका गोळीने सगळे जातातच असं नाही, म्हणून पुढचा डोस डॉक्टर ठरवतील.

तिसरा गव्हाचा. मध्यप्रदेशात पोळी दोन्ही वेळा असते आणि गव्हाच्या ग्लुटेनची आतड्याला होणारी बाधा, म्हणजे सीलियाक, गहू खाणाऱ्या पट्ट्यात मुळीच दुर्मीळ नाही. यात जुलाब व्हायलाच हवेत असं नाही. काही मुलांत फक्त रक्त कमी होतं आणि उंची खुंटते. टीटीजी नावाची रक्ततपासणी करा, पण तोपर्यंत पोळी बंद करू नका. गहू बंद केल्यावर तपासणी खोटीच ‘ठीक’ येते.

चौथा आनुवंशिक आजाराचा. इथे एक तांत्रिक अडचण आहे. थॅलेसेमिया आणि सिकलसेल ओळखणारी एचपीएलसी तपासणी रक्त चढवण्याआधी करायची असते. नंतर केली तर दात्याचं रक्त मोजलं जातं. भरतीच्या कागदांत तिचा रिपोर्ट आहे का बघा. नसेल तर तीन महिने थांबावं लागेल, पण तिच्या आईवडलांची तपासणी आत्ताही होऊ शकते आणि बरंच काही सांगून जाते. सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये आपल्याच प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली, ते उगाच नव्हे.

फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, केली असेल आणि आकडा फार कमी आला नसेल, तर ‘लोह ठीक आहे’ असं समजू नका. टाळूवर पू आणि मानेत गाठी असताना अंगात जी सूज असते, तिच्यामुळे फेरिटिनचा आकडा फुगून दिसतो. जखमा भरल्यावर तो पुन्हा मोजावा.

आता आळशीपणाबद्दल, ताई. पाच हिमोग्लोबिनवर माणूस जिना चढला तरी धापा टाकतो. अशा मुलीने वजनदार ओले केस डोक्यावर घेऊन अर्धा तास मोरीत बसायचं, मग ते विंचरायचे, हे तिच्या आवाक्यातलं काम नव्हतं. संध्याकाळी पाचची झोप हे त्याच आजाराचं लक्षण आहे. उवांनी रक्त कमी झालं हे जितकं खरं, तितकंच हेही की रक्त कमी म्हणून उवा वाढल्या. खाजवायचं, तक्रार करायचं त्राणच उरत नाही. ती खडू, माती, कच्चे तांदूळ किंवा फ्रिजमधला बर्फ खाते का तेही पाहा. लोह संपल्याची ती जुनी खूण आहे आणि त्यावरून बोलणी खाणाऱ्या मुली खूप असतात. घरात सगळ्यांदेखत तिला आळशी म्हटलं गेलं असेल, तर सगळ्यांदेखतच ते मागे घ्या. हा उपचाराचाच भाग आहे, कारण पुढचे कितीतरी महिने तुम्हाला तिची साथ लागणार आहे.

गोळ्या बंद करायच्या नाहीत. नणंदेला हा हिशेब दाखवा. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह मिळतं, दोन पिशव्यांतून मिळालेलं धरूनच ७.६ आहे. ३४ किलोच्या मुलीला तिथून १३ पर्यंत नेऊन साठाही भरायचा तर ढोबळमानाने अजून ९०० ते ९५० मिलिग्रॅम लोह अंगात जायला हवं. १०० मिलिग्रॅमच्या गोळीतलं दहा-पंधरा मिलिग्रॅमच शोषलं जातं, तेही गोळी नीट घेतली तर. म्हणजे एकही दिवस न चुकता घेतली तरी दोन-तीन महिने. वर दर महिन्याची पाळी आहेच. म्हणून हिमोग्लोबिन नॉर्मल आल्यावरही गोळी आणखी तीन महिने चालू ठेवतात. रक्ताच्या पिशव्यांनी धोका टळला, उणीव भरली नाही.

आणि दूध. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण दुधातलं कॅल्शियम लोहाला नीट शोषू देत नाही. चहा त्याहून वाईट, जेवणाबरोबरच्या एका कपाने त्यातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येतं. गोळी रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी, लिंबाच्या पाण्याबरोबर द्या. पोट दुखत असेल तर रात्री झोपताना देऊन बघा. तरीही दुखलं तर दोन घास खाऊन घेऊ दे. शोषण थोडं कमी होईल, पण गोळी सुटणार तरी नाही. एक दिवसाआड घेतल्याने त्रास कमी होतो आणि प्रत्येक गोळीतलं शोषण वाढतं, हा पर्याय डॉक्टरांना विचारा. शी काळी होणं म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडणं, त्यात भ्यायचं काही नाही. मात्र डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली तर दाखवा.

दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी, करा. हिमोग्लोबिनमध्ये दर दोन-तीन आठवड्यांना साधारण एक ग्रॅम वाढ दिसायला हवी. ती दिसली नाही तर एकतर गोळी पोटात जात नाहीये, नाहीतर चहा-दूध आड येतंय, किंवा रक्त अजून कुठून तरी जातंय, किंवा आतडं शोषत नाहीये. गोळी झेपतच नसेल तर शिरेतून लोह देता येतं, पण ते दवाखान्यातच. दरम्यान बसल्या जागी धाप, छातीत धडधड, पायांना सूज किंवा पुन्हा चक्कर आली तर कुणाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण या टप्प्यावर खाणं हा जोडीचा उपाय आहे, मुख्य नाही. गूळ, बीट आणि डाळिंब यांच्यावर फार भिस्त ठेवू नका, त्यांची कीर्ती त्यांच्यातल्या लोहापेक्षा मोठी आहे. अळिवाचे लाडू, मोड आलेली मटकी, राजगिरा, बाजरी, तीळ चांगले. चालत असेल तर अंडी, कलेजी. आपले सकाळचे पोहे तर उत्तमच, वर लिंबू भरपूर पिळा. फक्त त्यांच्या मागोमाग येणारा चहा तिच्यापुरता दोन तास पुढे ढकला.

आता गोटा. उवा जातील का? जातील, एका दिवसात. तरीही तो लागत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला डोकं भादरून शाळेत पाठवणं म्हणजे जे कुणाला माहीत नव्हतं ते वर्गभर जाहीर करणं, आणि मग शाळाच सुटते. केसांच्या जटा झाल्या असतील आणि खाली जखमा असतील तर तेवढा भाग कापावाच लागतो. एरवी खांद्यापर्यंत कापणं हा मधला मार्ग आहे, त्याने विंचरण्याचा वेळ अर्ध्यावर येतो. पण विचारा तिला. तीच म्हणाली, काप, तर कापा.

उवा परत परत का येतात? औषध बहुधा वाया गेलं नव्हतं. लिखांमधून सात ते दहा दिवसांत पिल्लं निघतात आणि आणखी नऊ-दहा दिवसांत ती अंडी घालू लागतात. पहिल्या वेळी औषधाने चालत्या उवा मेल्या, लिखा उरल्या, दुसऱ्यांदा लावलंच नाही. शिवाय कमरेपर्यंतच्या केसांना एक छोटी बाटली पुरत नाही. आणि घरात बाकी कुणाची डोकी पाहिली? भाची सासूबाईंजवळ झोपते असं तुम्ही ओघात लिहिलंय. ‘या वयात मला कसल्या उवा’ म्हणणाऱ्या आजीचा अंबाडा सोडून पाहिल्याशिवाय हे प्रकरण संपणार नाही. तुमचा सहा वर्षांचा मुलगा, तुम्ही, यजमान, सगळ्यांची डोकी एकाच संध्याकाळी तपासा.

टाळूवरच्या जखमांना आधी डॉक्टरांकडून औषध घ्या. त्या भरत आल्या की १ टक्का पर्मेथ्रिन हे उवांचं औषध, दिवस पहिला आणि नववा. त्या दिवशी आधी कंडिशनर नको, औषध केसाला धरत नाही. शांपूने धुऊन टॉवेलने टिपलेल्या ओल्या केसांत टाळूपासून सुरुवात करून लावा, कानांमागे आणि मानेच्या केसांत विशेष. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा आणि लगेच फणी फिरवा. पुढचे एक-दोन दिवस शांपू नको. पाचव्या आणि तेराव्या दिवशी फक्त कंडिशनर आणि फणी.

फणी म्हणजे स्टीलची, अगदी जवळ दातांची. कंडिशनर सढळ हाताने चोपडा, त्याने उवा काही वेळ सुस्त होतात, पळत नाहीत. आधी जाड कंगव्याने गुंता सोडवा. केसांचे आठ-दहा भाग करून चिमट्यांनी बांधा. एक भाग सोडायचा, फणीचे दात टाळूला टेकवायचे आणि टोकापर्यंत एकदम ओढायचं, मग फणी पांढऱ्या रुमालावर पुसायची. रुमालावर तिळाएवढं तपकिरी काही हललं तर ती मोठी ऊ, खसखशीएवढं असेल तर पिल्लू. पिल्लू दिसलं म्हणजे लिखा अजून फुटताहेत. प्रत्येक भागावरून तीन-चारदा फणी. एवढ्या केसांना तास लागतो. तिला खिडकीपाशी बसवा, हातात मोबाइल द्या, आणि तुम्हीच सगळ्या खेपा घेऊ नका, एक यजमानांकडे द्या. सतराव्या दिवशी तपासा, एकही जिवंत ऊ नसेल तर सुटलात. टाळूपासून बोटाच्या रुंदीहून लांब गेलेल्या लिखा म्हणजे बहुधा रिकामी टरफलं असतात, त्यांच्यावरून परत औषध लावू नका. दुसऱ्या वेळेनंतरही जिवंत उवा दिसल्या तर त्या औषधाला दाद देत नाहीत. मग आयव्हरमेक्टिनची गोळी वजनाप्रमाणे, सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोनदा, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच.

घरगुती उपायांपैकी चार ठामपणे टाळा. रॉकेल जाळतं आणि पेट घेतं. गॅमॅक्सिन ही कीटकनाशक पावडर मेंदूवर परिणाम करते. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा करते. आणि डांबर गोळ्या: जी६पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असणाऱ्यांत त्यांनी तांबड्या पेशी फुटतात. आधीच ७.६ वर असलेल्या मुलीच्या डोक्यावर तो जुगार नको.

अंथरुणं, ओढण्या, रिबिनी त्या दिवशी गरम पाण्यात धुवा, फण्या दहा मिनिटं कडकडीत गरम पाण्यात ठेवा. याहून जास्त घर धुंडाळायची गरज नाही. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांत मरते, उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की जाते. म्हणूनच शाळेतून काढायचं कारण नाही. वर्गशिक्षिकेला एकांतात सांगा. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देत असतील तर उपचार चालू असेपर्यंत ती थांबवायलाही त्याच वेळी सांगा.

लोहाच्या गोळ्या कुलपात ठेवा, ताई. रंगीत असतात, आणि घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. दहा-बारा गोळ्या त्याच्या जिवावर बेतू शकतात.

परत पाठवण्याचं म्हणाल, तर आई म्हणून निर्णय नणंदेचा आहे, आणि तिच्या रागामागे भीती आहे हे तुम्हालाही कळतं. पण जागा बदलून ना लोह भरेल ना उवा जातील. मुलगी सुट्ट्यांत गावी जाऊन येते आणि तिथे धाकटी भावंडं आहेत, तेव्हा त्या ‘तुमच्याकडूनच’ आल्या की तिकडून, हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. तो मुद्दा काढूच नका. नणंदेकडे तीन गोष्टी मागा: तिची आणि तिच्या यजमानांची रक्ततपासणी, धाकट्यांची डोकी आणि जंताची गोळी, आणि सीबीसीच्या पुढच्या दोन रिपोर्टांपर्यंत मुलीला इथेच राहू देण्याची मुभा. मुलीला कुठे राहायचंय, तेही तिच्या आईच्या कानावर तिच्याच तोंडून जाऊ द्या. दिवाळीला ती गावी जाईल तेव्हा मोजून तेवढ्या दिवसांच्या गोळ्या, एक जास्तीची स्टीलची फणी आणि पर्मेथ्रिनच्या दोन बाटल्या पिशवीत घाला.